बाकी नॉर्मल

माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल मला फारसा आदर कधी वाटला नाही, आणि वाटत नाही हे मी कधी लपवलंही नाही. तीस वर्षं नागपुरात सोनोग्राफीचे आणि सीटी स्कॅनचे रिपोर्ट लिहिले. या तीस वर्षांत इतरांचे रिपोर्ट वाचून जेवढी करमणूक झाली, तेवढी कुठल्या नाटकानं केली नाही. पित्ताशय कापून काढलेल्या माणसाच्या रिपोर्टात 'पित्ताशय नॉर्मल' असं मी स्वतः वाचलंय. त्या माणसाच्या पोटावर टाक्यांचा हा एवढा व्रण होता.

हे असं काहून होतं ते सांगते. पोटाच्या स्कॅनचा रिपोर्ट कोणी पहिल्यापासून लिहीत नाही. टायपिस्टकडे तो आधीच लिहून तयार असतो. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, स्वादुपिंड नॉर्मल, प्लीहा नॉर्मल, मूत्रपिंडं नॉर्मल, एकाखाली एक ओळी. डॉक्टर खुर्चीत मागं रेलून जे बिघडलंय तेवढं सांगतो आणि शेवटी म्हणतो, "बाकी नॉर्मल." टायपिस्ट तेवढीच ओळ बदलतो, बाकीच्या ओळी तशाच कागदावर उतरतात. खाली सही. त्या बाकीच्या ओळींकडे डॉक्टरनं पाहिलं की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत, आणि बहुतेक वेळा त्यालाही नाही.

यात सगळ्यात जास्त मार खाते ती प्लीहा. आमच्याकडे खेड्यात तिला पानथरी म्हणतात. डाव्या बरगड्यांखाली, जठराच्या मागं, मुठीएवढी बसलेली असते. तिच्यासाठी कोणी स्कॅन काढायला येत नाही. पोट दुखलं तर यकृत पाहतात, पाठ दुखली तर मूत्रपिंडं पाहतात. पानथरीकडे नजर गेली तर गेली. नवख्यांचं तर विचारूच नका. सीटी काढताना शिरेतून औषध सोडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात ती चट्ट्यापट्ट्यांची दिसते, निरोगी माणसाचीही तशीच दिसते, आणि हे शहाणे त्या चट्ट्यांनाच गाठ म्हणून मोकळे होतात. खरी गाठ असली की मात्र यांना दिसत नाही. असल्या लोकांना मी विद्यार्थ्यांसमोर नावं ठेवायची, कॉन्फरन्समध्ये चहाच्या टेबलावर ठेवायची, घरी जेवतानाही ठेवायची. नवरा म्हणायचा, "अगं, भाजी थंड होऊन राहिली."

ही गोष्ट ज्या बाईची, ती नागपूरच्या जुन्या महाल भागातली. पन्नाशीची. घराच्या पुढच्या खोलीत मसाल्याची चक्की चालवते. हळद, तिखट, धने, सावजी मसाला. सीटीच्या टेबलावर झोपली तेव्हा तिच्या नखांत हळद होती, आणि ती उठून गेल्यावरही खोलीत बराच वेळ मसाल्याचा वास होता. सात वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, बरी झाली. वर्षाच्या तपासणीत कोणी कधी पोट पाहिलं नव्हतं. या वर्षी कोणाला तरी सुबुद्धी झाली, सोनोग्राफी केली आणि पानथरीत गाठ दिसली. तिच्या सर्जननं तिला सीटीसाठी माझ्याकडे पाठवलं.

गाठ होती. साडेतीन सेंटिमीटरची, गोल, कड स्वच्छ. औषध सोडल्यावर ती आधी कडेनं उजळली, मग पाच मिनिटांत हळूहळू आतपर्यंत भरली. अशा गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, जन्मभर पडून राहतो, कोणाचं काही बिघडवत नाही. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. ज्या बाईला एकदा कॅन्सर होऊन गेलाय, तिच्या पोटात नवी गाठ दिसली तर तिला निरुपद्रवी म्हणायची हिंमत लागते. म्हणून अशा वेळी एकच प्रश्न महत्त्वाचा असतो. ही गाठ आधी होती का? सात वर्षं तेवढीच असेल, तर तिच्याकडे पाहायचंही कारण नाही. नवी असेल, तर कॅन्सर परत आला असं धरून चालावं लागतं.

"जुना स्कॅन आहे?" मी विचारलं.

तिच्यासोबत तिची मुलगी होती, लग्न झालेली, याच कामासाठी माहेरी आलेली. तिनं मोबाइल पुढं केला. आजार निघाला त्या वेळच्या पोटाच्या सीटीचा रिपोर्ट, त्याचा फोटो. कागदाचं वरचं डोकं दुमडलेलं आणि खालच्या कोपऱ्यावर, सहीच्या जागी, तिचा स्वतःचा अंगठा. मधल्या ओळी तेवढ्या वाचता येत होत्या. यकृत स्वच्छ, हाडं स्वच्छ. प्लीहा नॉर्मल.

"कुठं काढला होता?"

तिनं चौक सांगितला. ते सेंटर केव्हाच बंद पडलं होतं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मला ते सेंटर चांगलंच माहीत होतं. संध्याकाळी आम्ही चौघं डॉक्टर तिथं पाळीपाळीनं रिपोर्ट लिहायला जायचो. त्या चौघांत एक गृहस्थ होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, एक डोळा स्क्रीनवर, एक डोळा क्रिकेटवर. त्याच्या हातून काय काय सुटलं असेल याची मोजदाद नव्हती.

पण 'नॉर्मल' म्हणजे नॉर्मल. मी टायपिस्टला सांगितलं, "लिही. पूर्वीच्या रिपोर्टात प्लीहा नॉर्मल होती, त्यामुळे ही गाठ नवी आहे. कॅन्सर पसरल्याची शक्यता तपासावी." मग सवयीनं म्हटलं, "बाकी नॉर्मल." सही केली.

बाहेर ती बाई उभीच होती. "मॅडम, परत आला काय जी तो?" तिनं विचारलं. कॅन्सर शब्द तिनं उच्चारला नाही.

"सर्जन सांगतील तुम्हाला," मी म्हणाले. आम्ही सगळे असंच म्हणतो. सात वर्षं ज्याची भीती घेऊन माणूस जगतो, त्याचं उत्तर आम्ही पाकिटात घालून दुसऱ्याकडे पाठवतो.

सर्जननं उत्तर दिलं, आणि लगेच दिलं. पुढच्या बुधवारी पानथरी काढायची. हे मला त्याच्याच फोनवरून कळलं. दुसऱ्या एका पेशंटसाठी त्यानं फोन केला होता, बोलता बोलता हे सांगितलं. त्याचे हात सदा शिवशिवत असतात. त्याच्या टेबलावर बसलेली माशी दिसली तरी तो आधी भूलतज्ज्ञाला फोन लावेल.

"अहो, गाठ दिसायला साधी आहे," मी म्हटलं. "पानथरी गेली की बाईला जन्मभर प्रत्येक तापाची भीती. कुठलाही जंतू दोन दिवसांत आडवं करतो. आधी सुई घालून तुकडा तर तपासा."

"सुई घातली आणि रक्त थांबलं नाही तर तुम्ही येणार का थांबवायला?" तो म्हणाला. "आणि मॅडम, गाठ नवी आहे हे मी नाही, तुम्ही लिहिलंय."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मला इतका राग आला की समोरचा चहा मी तसाच बेसिनमध्ये ओतला. तो बरोबर बोलला याचा राग जास्त होता. मी स्क्रीनवर ती गाठ परत काढली. दहा वेळा पाहिली. दर वेळी ती मला साधीच वाटली. आणि मग डोक्यात आलं की तो जुना रिपोर्ट त्या खर्रेवाल्याचा असेल आणि त्यानं पानथरी पाहिलीच नसेल तर? त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं बाकी नॉर्मल म्हणून उठला असेल तर? म्हणजे चित्र पाहायला पाहिजे होतं, आणि मी कागद वाचला. तोही अर्धा, मोबाइलवर.

मी मुलीला फोन लावला. "जुनी फिल्म नाहीतर सीडी शोधा. आजच्या आज."

"सीडी तं गच्चीवर टांगली जी," ती म्हणाली. "कबुतरं लय येतात नं. चमकते म्हणून पळतात."

"आणि फिल्म?"

"फिल्म खिडकीले लावल्या."

कपाळ माझं! या शहराच्या उन्हापुढं आमची काय किंमत आहे, ते मला त्या दिवशी नीट कळलं. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रातून निघालेली काळीभोर फिल्म म्हणजे लोकांच्या लेखी फुकटचा पडदा. पश्चिमेच्या काचेवर चिकटवली की एप्रिलमध्ये खोली जरा सुसह्य होते. कोणाच्या मेंदूच्या, कोणाच्या मणक्यांच्या, कोणाच्या फुप्फुसांच्या फिल्म अशा किती खिडक्यांवर लागल्या असतील! वर आपण यांना सांगायचं की रिपोर्ट सांभाळून ठेवा.

"काढून आणा," मी म्हटलं.

"निघत नाही जी, लय वर्षं झाले. फाटून जाईन. तुम्हीच या नं पाहाले."

तीस वर्षांत मला कोणी असं बोलावलं नव्हतं. माझ्याकडे पेशंट यायचे, मी कोणाकडे जात नसे. पण गेले. खरं सांगायचं तर त्या बाईच्या काळजीनं गेले असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. काळजी होती. पण अर्ध्याहून जास्त ओढ होती ती त्या खर्रेवाल्याला गाढव ठरवायची. बुधवारला तीन दिवस राहिले होते.

भर दुपारी तीनला महालात शिरले. गल्ली एवढी अरुंद की ऑटोवाल्यानं तोंडावरच उतरवलं, आणि पुढं मी दुचाक्यांमधून अंग चोरत गेले. चक्की सुरू होती. दारातच मला ठसका लागला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईनं चक्की बंद केली, पदरानं स्टूल पुसलं. आठ दिवसांत ती उतरली होती. गालांची हाडं दिसत होती.

"खिडकी कुठंय?" मी विचारलं. बसलेच नाही.

आतल्या खोलीत पश्चिमेची मोठी खिडकी होती, आणि तिच्या सगळ्या काचांवर फिल्म चिकटवलेल्या. वरच्या दोन ओळी वायाच गेल्या होत्या. अशा फिल्म उष्णतेनं काळ्या पडतात. सात उन्हाळे खाऊन त्या पाटीसारख्या काळ्या झाल्या होत्या, काहीच दिसत नव्हतं. पण खालच्या ओळीपुढं धन्यांची पोती रचलेली होती. मी ती सरकवायला लागले, तर बाई आणि मुलगी दोघी धावल्या. पोत्यांमागची काच थंडाव्यात राहिली होती. तिथल्या तीन फिल्म जरा तांबूस झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या.

मी जमिनीवर मांडी घालून बसले, चष्मा पुसला. काचेमागं नागपूरचं तीन वाजताचं ऊन. माझ्या सेंटरमधल्या दिव्याच्या पेटीलाही एवढा उजेड नाही. पहिल्या फिल्मवर फुप्फुसांचा खालचा भाग. दुसरीवर यकृत, आणि यकृताच्या विरुद्ध बाजूला पानथरी. एकेका चित्राचा आकार पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. तिसऱ्या रांगेत ती दिसली. गोल, कड स्वच्छ. त्याच जागी. चित्राच्या बाजूला मोजायच्या खुणा असतात, त्यावर मी पर्समधली पट्टी लावली. हिशेब केला. साडेतीन सेंटिमीटर.

मी पुन्हा मोजलं. साडेतीनच.

"होती!" मी ओरडलेच. "ही आधीपासून होती! सात वर्षं एवढीच आहे!"

बाईला काही समजलं नाही. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. "ही पाहा तुमची पानथरी. ही गाठ. तुम्हाला कॅन्सर झाला तेव्हाही ही इथंच होती, तेवढीच. कॅन्सरची असती तर सात वर्षांत फुगली असती. परत काही आलेलं नाही. ऑपरेशन नको."

ती त्या तिकिटाएवढ्या चित्राकडे पाहत राहिली. मग रडायला लागली, मोठ्यानं, शेजारपाजारचं भान न ठेवता. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "नको रडू वं आई, नको रडू." मलाही भरून आलं. नाही म्हणत नाही.

तिथूनच मी सर्जनला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फिल्म घेऊन या, मी पाहतो. तसंच असेल तर बुधवारचं रद्द करू. पण मग जुन्या रिपोर्टात नॉर्मल कोणत्या गाढवानं लिहिलं?"

हा प्रश्न यायची मी वाटच पाहत होते. त्या खर्रेवाल्याचं नाव मी पूर्ण, आडनावासकट सांगितलं. वर म्हटलं, "तो कधी चित्र पाहतो का? नुसता बाकी नॉर्मल, बाकी नॉर्मल! असल्या माणसाच्या हातात पेन द्यायला नको." सर्जन म्हणाला, "त्याला विचारायलाच पाहिजे." मी म्हटलं, "विचारा की!" मायलेकी समोरच बसून ऐकत होत्या.

मग उलथन्यानं ती फिल्म काचेवरून हळूहळू सोडवली. एक कोपरा फाटला, चित्र वाचलं. "हिचं पाकीट असेल तर द्या," मी म्हटलं. मुलीनं कपाटातून मोठं पाकीट काढलं. त्यात त्यांनी घरटॅक्सच्या पावत्या, लग्नपत्रिका, लाइटची बिलं ठेवली होती. तिनं ते खाटेवर उपडं केलं. त्या कागदांत रिपोर्ट होता, पूर्ण, न दुमडलेला. तिनं तो माझ्या हातात दिला.

खाली सही माझी होती.

सहीखाली नाव छापलेलं होतं, शिक्काही होता. शंकेला जागाच नव्हती. मी तरी ती सही परत परत पाहिली. 'प्लीहा नॉर्मल' ही ओळ परत परत वाचली. ती संध्याकाळ आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवली नाही. कशी आठवणार? अशा शेकडो संध्याकाळी होत्या. यकृत पाहिलं असेल, हाडं पाहिली असतील, कारण या कॅन्सरमध्ये तीच पाहतात. मग खुर्चीत मागं रेलले असेन.

"काय झालं जी?" बाईनं विचारलं. "इंग्रजीत आहे म्हणून मले काही समजत नाही. त्या गाढवाची सही आहे नं?"

हो म्हणून तो कागद पर्समध्ये टाकता आला असता. मनात आलंही. तिला इंग्रजी येत नव्हतं, मुलीनं नीट पाहिलं नव्हतं, आणि तो खर्रेवाला माझ्याशी भांडायला येण्याइतका कधी शुद्धीत नव्हता. हे सगळं मी त्या एका मिनिटात मनात जुळवलं. ते जुळवलं याचीच मला आजही शिसारी येते.

"माझी सही आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलंय. पानथरी मी पाहिलीच नव्हती."

मुलीनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. बाईनं डोळे पुसले, पदर नीट केला. मग बोलली ते अजिबात आवाज न चढवता.

"सात वर्षं मी निवांत झोपली, नॉर्मल लिहून आहे म्हणून. हे आठ दिवस डोळ्याले डोळा नाही लागला, नवी आहे म्हणून. दोन्ही डाव तुमचीच सही. आन् पाहिलं तुम्ही आज. खाली बसून."

मी फिल्म पाकिटात घालायला लागले.

"आता तुम्ही त्या डॉक्टरले फोनवर दुसऱ्याच माणसाचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "मी ऐकलं. लावा फोन."

मी फोन लावला. सर्जननं उचलला, म्हणाला, "आता काय, मॅडम?" मी सांगितलं. तो गाढव मीच. त्याला आधी पटेना, मग पटलं, आणि मग तो हसायला लागला. तो कसा हसतो ते मला माहीत आहे. मीही तीस वर्षं तसंच हसत आले. त्याचं हसणं संपेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले. खिडकीत जिथून फिल्म निघाली होती तिथून ऊन आत येत होतं, आणि ती बाई त्या उन्हात बसून माझ्याकडे पाहत होती.

फोन ठेवला तेव्हा ती उठली, धन्याचं पोतं ओढून तिनं त्या काचेपुढं परत लावलं, आणि चक्की सुरू केली.